विलीच्या उजव्या हाताला कोण?

समोरच्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे माझ्या व्यवसायात सगळ्यात आधी शिकावं लागतं. कॉलेजात हे असं कोणी सांगत नाही. तिथे ‘रुग्णाचं नीट ऐकून घ्या’ असं शिकवतात. ऐकून मी घेतेच. पण मी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि माणूस टेबलावर पालथा पडला की त्याचं तोंड एक सांगतं आणि पाठ दुसरंच सांगते. अशा वेळी मी पाठीचं ऐकते.

पुण्याहून न्यूझीलंडला आलो आणि पोरिरुआत स्थिरावलो, त्यानंतरचं माझं सगळं आयुष्य असं लोकांचं खोटं पकडण्यात गेलं. आपलेच एक आयटीतले गृहस्थ मानदुखी घेऊन यायचे. “मी सांगितलेले व्यायाम न चुकता करतो,” असं ते छातीठोकपणे सांगत असताना त्यांची बायको खुर्चीत बसून छताकडे बघत होती. तेव्हापासून मी नवऱ्याला प्रश्न विचारते आणि उत्तर बायकोच्या चेहऱ्यावर शोधते. एक माओरी आजी होत्या, कोपर सुजलेलं. “काही नाही गं, जरा बागकाम केलं.” बागकामानं कोपर तसं सुजत नाही. तिसऱ्या खेपेला कबूल झाल्या की शेजारणीला लॉन बोल्समध्ये, त्या हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या खेळात, हरवायचं म्हणून त्या गॅरेजमध्ये दार लावून गुपचूप सराव करत होत्या. कोणाला सांगू नकोस म्हणाल्या. इतकी वर्षं सांगितलं नव्हतं.

माझा नवरा सुनील म्हणतो, “तू पोलिसात जायला हवं होतंस.” मुलगी इंग्रजीत म्हणते, “आई, यू सस्पेक्ट एव्हरीवन.” दोघांचंही खरं आहे. पण माझ्या संशयाची खरी परीक्षा झाली ती एका रग्बी क्लबात, दोन हजारनंतरच्या त्या पहिल्या काही वर्षांत. तेवढीच एक हकिगत सांगते.

आठवडाभर क्लिनिक आणि शनिवारी क्लबची फिजिओ, असा माझा क्रम होता. मला रग्बीतलं ओ की ठो कळत नव्हतं. साडी नेसणाऱ्या आईची, क्रिकेटवेड्या बापाची मी मुलगी. चिखलात एकमेकांच्या अंगावर धावून जाणाऱ्या त्या धिप्पाड माणसांकडे मी आधी फक्त हाडं आणि सांधे म्हणून बघायचे. मग हळूहळू खेळ कळायला लागला. ज्यांना तो ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढंच: पंधरा जणांपैकी दहा नंबरचा जो असतो, त्याला तिथे ‘फर्स्ट फाइव्ह’ म्हणतात, चेंडू आधी त्याच्याकडे येतो. लाथ मारायची, पास द्यायचा की स्वतः घुसायचं, हे तोच ठरवतो. न्यू जर्सीतल्या माझ्या दिराला मी हे फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, “म्हणजे आमच्या अमेरिकन फुटबॉलमधला क्वार्टरबॅक.” असेल. डोकं त्याचं चालतं, म्हणून मारही त्यालाच पडतो. समोरची टीम आपला सगळ्यात दांडगा माणूस चेंडू देऊन सरळ त्याच्या अंगावर सोडते. डोकं बडवलं की हातपाय आपोआप लटके पडतात, हा साधा हिशेब.

आमचा दहा नंबर आणि कॅप्टन होता विली. पोरिरुआतल्याच कॅनन्स क्रीक वस्तीत वाढलेला सामोअन मुलगा, लाजरा, आईच्या शब्दाबाहेर न जाणारा. मैदानावर मात्र त्याला मागे डोळे असल्यासारखं सगळं दिसायचं. तो पहिल्या दिवसापासून मला ‘आँटी’ म्हणायचा. इंग्रजीत अहो-जाहो नसतं, पण त्याच्या त्या ‘आँटी’त ते होतं, म्हणून इथे मराठीतही मी त्याला अहो-जाहोच करायला लावणार आहे.

विलीला जपानच्या एका क्लबाचं बोलावणं आलं होतं. तो जाणारच होता. पण आमच्या क्लबाचा सर्वेसर्वा होता केव्हिन. हा इस्टेट एजंट. त्याचा हसरा फोटो आमच्या भागातल्या प्रत्येक बसथांब्याच्या बाकावर असायचा, आणि लोक त्यावर टेकून बसायचे. मोसमाआधीच्या बार्बेक्यूत केव्हिननं विलीच्या खांद्यावर हात टाकून सगळ्यांसमोर शब्द दिला: “एक वर्ष थांब. तुझ्याभोवती टीम उभी करतो. चॅम्पियनशिप घेऊ, मग खुशाल जा.” क्लबानं कित्येक वर्षांत ती जिंकली नव्हती. विली थांबला. जपानवालेही थांबायला तयार झाले, पण अट घालून: अंग शाबूत हवं.

आणि मोसमाच्या पहिल्याच महिन्यात सरावात त्याचा डावा खांदा निखळला.

मी तो जागेवर बसवला, व्यायाम सुरू केले. खांदा धरून राहील असं मला वाटत होतं, पण त्यावर पुन्हा वाकडा आपटला तर जपान विसरायचं, हे मी विलीला स्पष्ट सांगितलं.

“स्वीट ॲज, आँटी,” तो म्हणाला. म्हणजे ‘एकदम झकास’. हे रग्बीवाले मोडलेल्या हातालाही ‘स्वीट ॲज’ म्हणतात. म्हणून मी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. तो घाबरला होता.

आता त्याच्याभोवतीची टीम. केव्हिननं पापाकुराहून एक वाऱ्यासारखा पळणारा आणला. दक्षिण आफ्रिकेतून एक देखणा गडी आणला, त्याचे केस पावसातही जागचे हलत नसत. लांबून लाथ मारणारा आणखी एक आणला. पेपरात फोटो छापून यायला लागले. आणि या गर्दीत जागा करायची म्हणून जो एक माणूस गेला, तो फेतू.

फेतू विलीचा शेजारी. दोघं एकाच गल्लीत वाढलेले, एकाच चर्चमध्ये जाणारे. वयानं मोठा, रुंद, सावकाश बोलणारा. तो पळायचा नाही, फोटोत यायचा नाही. तो फक्त विलीच्या उजव्या हाताला उभा राहायचा. समोरून कोणी बैल सुटला की विलीपर्यंत पोचायच्या आत फेतू त्याला आडवा करायचा. एवढंच त्याचं काम. खेळ बघायला येणाऱ्यांना ते दिसायचंही नाही.

विलीचा खांदा निखळल्यानंतर थोड्याच दिवसांनी केव्हिन माझ्याकडे येऊन सहज विचारल्यासारखा म्हणाला, “मेधा, फेतूची पाठ संपली ना?”

“नाही,” मी म्हणाले. “त्याची पाठ तुझ्यापेक्षा चांगली आहे.”

केव्हिन मोठ्यांदा हसला. पुढच्या आठवड्यात फेतू टेकडीपलीकडच्या क्लबाकडे गेल्याचं कळलं. “त्याला तिकडे नोकरी चांगली मिळाली,” केव्हिननं सगळ्यांना सांगितलं. मला ते पटलं नाही. एजंट लोक घर दाखवताना गळक्या छताखाली उभे राहून तुम्हाला खिडकीतला समुद्र दाखवतात. केव्हिन तसा माझ्याशी बोलताना दरवेळी कुठेतरी तिसरीकडेच बोट दाखवायचा. पण माझ्याकडे धरायला काही नव्हतं.

फेतू गेला आणि विलीला मार पडायला लागला. दर शनिवारी. आम्ही जिंकत होतो, कारण विली विलीच होता, पण सामना संपला की तो माझ्या टेबलावर चढताना म्हाताऱ्यासारखा कण्हायचा.

केव्हिननं निदान केलं, “बातमी फुटते आहे. विलीचा खांदा दुखावलाय हे समोरच्यांना कोणीतरी सांगतंय.”

मग जे सुरू झालं ते मी जन्मात विसरणार नाही. सरावाच्या मैदानाच्या जाळीला हिरवं कापड लागलं. सरावाआधी सगळ्यांचे मोबाइल बिस्किटांच्या डब्यात जमा व्हायला लागले. डबा केव्हिनच्या गाडीत. आणि मला हुकूम झाला की विलीचा डावा खांदा अंगाच्या रंगाच्या टेपनं, शर्टाखाली, कोणाला दिसणार नाही असा बांधायचा, आणि धडधाकट उजव्या गुडघ्यावर पांढरी शुभ्र टेप जाडजूड गुंडाळायची. ही रग्बीतली जुनी चाल आहे. समोरचे टेप बघतात आणि तिथेच मारतात. म्हणून दुखतं एकीकडे आणि टेप दुसरीकडे. त्या न दुखणाऱ्या गुडघ्याला मी दर शनिवारी इतक्या निगुतीनं बांधायचे की खऱ्या रोग्याला हेवा वाटावा.

बातमी कोण फोडतं, याचं उत्तर केव्हिन तोंडानं देत नसे. तो फक्त विलीजवळ बसून विचारायचा, “मेट, खांद्याचं कोणाकोणाला ठाऊक होतं? आणि त्यातलं आता इथे कोण नाही?” विली फरशीकडे बघायचा. खांदा निखळला त्या दिवशी त्याला माझ्याकडे उचलून आणणारा फेतूच होता. थोड्याच दिवसांत मला कळलं की चर्चमध्ये दोघं आता वेगवेगळ्या बाकांवर बसतात. विलीची आई मला म्हणाली, “मुलं लहानपणी एका ताटात जेवायची.”

मला या सगळ्याचा वास यायला लागला होता. कारण विलीचं अंग दर सोमवारी माझ्यासमोर असायचं. समोरच्यांना खांद्याचं ठाऊक असतं, तर नवे वळ डाव्या खांद्यावर दिसले असते. ते आमच्या सोंगाला फसले असते, तर गुडघ्यावर मार दिसला असता. गुडघ्याला ओरखडा नव्हता. डावा खांदा जसाच्या तसा. मार सगळा उजव्या बाजूला, बरगड्यांपासून मांडीपर्यंत काळानिळा. म्हणजे कोणी काही फोडलं नव्हतं आणि कोणी फसलंही नव्हतं. फेतूची जागा मोकळी होती आणि लोक त्या मोकळ्या जागेतून येत होते, इतकं सरळ.

हे मी केव्हिनला सांगितलं. तो म्हणाला, “तू टेप बांध, मेधा. रग्बी आमच्यावर सोड.”

कोचला सांगितलं. त्यानं केव्हिनकडे बघितलं.

त्याच सुमाराला आणखी एक गोष्ट मला खुपत होती. फेतू रस्त्यात दिसला तर मान वळवायचा. एरवी लांबून “किया ओरा, आँटी!” अशी हाक मारणारा माणूस. त्यानं क्लब सोडला हे समजू शकत होते, पण माझ्यावर राग कशासाठी?

उत्तर मिळालं ते पोरिरुआच्या शनिवारच्या बाजारात. तिथे सकाळी पॅसिफिकमधल्या सगळ्या बेटांचे लोक भाजी घेऊन येतात, आणि अळूची ताजी पानं मिळतात ती फक्त तिथेच. सामोअन लोक ती नारळाच्या दुधात शिजवतात, आपण वड्या करतो. एकाच ढिगाऱ्यातून मी आणि तो पानं निवडत होतो. आता त्याला मान वळवायला जागा नव्हती.

“पाठ कशी आहे, फेतू?” मी विचारलं.

तो पानं खाली ठेवून म्हणाला, “आँटी, तुम्ही नका विचारू. तुम्हीच तर संपली म्हणालात.”

“मी? कोणाला?”

“केव्हिनला. तो म्हणाला, ‘मला तू हवा आहेस, पण मेधा म्हणते, तुझी पाठ वर्षभर टिकणार नाही. माझा नाइलाज आहे.’”

मला इतका संताप आला की हातातल्या पानांचा चुरा झाला. माझ्या नावावर, माझ्या तोंडी ते वाक्य घालून त्या माणसानं याला घरी पाठवलं होतं. इतकी वर्षं लोकांचं खोटं पकडणारी मी, आणि माझ्याच नावाचं खोटं बाजारात फिरत होतं. मी फेतूला केव्हिनशी झालेलं बोलणं शब्दाशब्दानं सांगितलं. तो मला पारखत होता. मला त्याचा राग आला नाही, त्याच्या जागी मीही पारखलं असतं.

“विली काय म्हणतो?” शेवटी त्यानं विचारलं.

“त्याला वाटतं, त्याच्या खांद्याची बातमी तू देतोस.”

फेतू हसायला लागला आणि मधेच थांबला. “त्याला खरंच असं वाटतं?” मग त्यानं पानं पिशवीत भरली आणि माझ्या पिशवीतही एक जुडी टाकली. “पुढच्या शनिवारी सेमीफायनल आहे, आँटी. तुमच्याशीच. खूप काम आहे,” असं म्हणून तो गेला.

गुरुवारी विली टेबलावर होता. मी दार लावून घेतलं आणि त्याला सगळं सांगितलं. फेतूची पाठ ठणठणीत होती, मी केव्हिनला तसंच सांगितलं होतं, केव्हिननं उलटं करून सांगितलं. उजव्या बाजूचे वळही त्याला आरशात दाखवले.

विली शर्ट घालता घालता म्हणाला, “आँटी, हे तुम्ही मला आत्ताच का सांगताय? सेमीच्या दोन दिवस आधी?”

“मला शनिवारी कळलं.”

“फेतूनं तुम्हाला पाठवलं नाही ना?”

ज्या पोराचा खांदा मी महिनोन् महिने जपला, त्यानं माझ्यावर संशय घ्यावा! केव्हिननं त्याला वर्षभरात दुसरं काही शिकवलं नसलं तरी हे पक्कं शिकवलं होतं. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. आणि मनात कुठेतरी हेही आलं, की माझ्या मुलीनं माझ्याकडून हेच तर शिकायला नको.

शनिवारी मी नेहमीसारखा खोटा गुडघा बांधला, खरा खांदा लपवला. समोरच्या टीममध्ये फेतू उभा होता. केव्हिन माझ्या बाजूला येऊन पुटपुटला, “बघ आता. सगळे मिळून डाव्या खांद्यावर तुटून पडतील.”

शेवटी शेवटी आम्ही थोड्या गुणांनी मागे होतो. विलीनं चेंडू घेतला, दोघांना चकवलं आणि समोर मोकळं मैदान दिसताच सुटला. तेवढ्यात बाजूनं फेतू आला. पूर्ण वेगात, आणि विलीच्या डाव्या बाजूनं. मी डोळे मिटायला हवे होते, पण माझ्या धंद्यात तशी सोय नाही. फेतूनं त्याला कमरेला धरलं आणि उचललं. विली डाव्या खांद्यावर आपटणार हे मला स्वच्छ दिसलं. आणि हवेतच फेतू वळला. स्वतः पाठीवर खाली गेला आणि विली त्याच्या छातीवर पडला. तीच ती संपलेली पाठ. चेंडू सुटला, त्यांच्या दुसऱ्या गड्यानं उचलला आणि आमची चॅम्पियनशिप तिथे संपली.

मी पिशवी घेऊन धावले. विली अजून फेतूच्या अंगावरच होता. फेतू खालून म्हणाला, “आँटी, याचा डावा बघून घ्या.”

खांदा जागेवर होता. विली रडत होता. हरलो म्हणून असेल, असं केव्हिननं नंतर पेपरवाल्याला सांगितलं.

सामन्यानंतर दोन्ही टीम क्लबच्या हॉलमध्ये एकत्र जेवतात, अशी तिथली रीत आहे. तासाभरापूर्वी ज्याच्या बरगड्या मोडल्या त्याच्याच शेजारी बसून पाय खायचा. हा ‘पाय’ म्हणजे मटणाचं सारण भरून भाजलेली जाड कचोरीच, आणि मी शाकाहारी, म्हणून मी कधी थांबायचे नाही. केव्हिनही वरच्या खोलीत प्रायोजकांबरोबर असायचा. त्या दिवशी मी थांबले. त्यांच्या कॅप्टनला सरळ विचारलं, “तुम्हाला विलीच्या खांद्याचं कोणी सांगितलं होतं?”

“कुठला खांदा?” तो म्हणाला. “त्याचा तर गुडघा दुखतो ना? आम्ही तिकडेही लक्ष दिलं नाही. फेतू जिथे उभा राहायचा तिथून सगळे जातात. सगळ्यांना ठाऊक आहे.” ज्या उत्तरासाठी आमच्या मैदानाला कापड लागलं होतं, ते दर शनिवारी या हॉलमध्ये कोणीही दिलं असतं.

मग यजमान कॅप्टननं पाहुण्यांमधला सर्वांत चांगला खेळाडू निवडायचा असतो. विली उभा राहिला. तो भाषणाला घाबरणारा मुलगा. म्हणाला, “फेतू. आज मला सांभाळणारा तो एकटाच होता.” आणि खाली बसला. हॉलमध्ये कोणी टाळी वाजवायची, हे कळेना. केव्हिन जिन्यात उभा होता.

विली त्या उन्हाळ्यात जपानला गेला. निघायच्या आधी आईला आणि फेतूला घेऊन माझ्या घरी येऊन गेला. मी अळूवड्या केल्या होत्या. मला त्यानं माफी वगैरे मागितली नाही. फक्त म्हणाला, “तिकडे गेल्यावर आधी विचारणार आहे, माझ्या उजव्या हाताला कोण?” काही वर्षं तो तिथे खेळला. खांदा टिकला. माझ्या सगळ्या नोकरीत मला अभिमान वाटावा अशा ज्या थोड्या गोष्टी आहेत, त्यातली ही एक आहे, आणि अर्धं श्रेय फेतूच्या पाठीचं आहे. ती चॅम्पियनशिप मात्र आमच्या हातातली होती. त्या एका माणसाला ठेवलं असतं तर विलीला ती घेऊनच जाता आलं असतं, ही चुटपुट अजून जात नाही.

पण त्या संध्याकाळचं शेवटचं राहिलं. मी हॉलमधून निघून गाडीत सामान ठेवत होते. केव्हिन घाईघाईनं मागून आला. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, “मेधा, विलीचे कान कोणीतरी भरलेत. फेतूच्या पाठीचं त्याला कोणी सांगितलं?”

“मी,” मी म्हणाले. “तुला जे सांगितलं होतं, तेच त्याला सांगितलं.”

केव्हिननं माझ्याकडे बघितलं, आणि बसथांब्यावरच्या फोटोत हसतो तसा हसला. मी गंमत करते आहे असं त्याला वाटलं. टेपची पिशवी घेऊन उभी असलेली ही बाई काही सांगू शकते, हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

“नाही, सीरियसली,” तो आणखी जवळ येऊन म्हणाला. “मला त्या दक्षिण आफ्रिकेवाल्याचा संशय येतोय.”